चांगुलपणाला पत्ता हवा

पैठणच्या वाळवंटातली एकनाथांची गोष्ट मराठवाड्यात लहानपणीच कानावर पडते. भर उन्हात गोदावरीच्या तापलेल्या वाळूत एक मूल रडत असतं. ते अस्पृश्य मानलेल्या घरातलं, म्हणून येणारे-जाणारे अंतर राखून निघून जातात. नाथ त्याला कडेवर उचलतात, डोळे पुसतात आणि घरी नेऊन सोडतात. दुसरी गोष्टही तितकीच ओळखीची आहे. काशीहून रामेश्वरासाठी निघालेली गंगेची कावड नाथांनी वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. कीर्तनात हे प्रसंग आले की आजही ऐकणाऱ्यांचे डोळे ओले होतात.

या गोष्टींबद्दल एक अवघड प्रश्न विचारावासा वाटतो, आणि तो नाथांविषयीच्या आदरातूनच येतो. नाथांनी १५९९ मध्ये देह ठेवला. त्यानंतर सव्वातीनशे वर्षं ही गोष्ट गावोगाव सांगितली गेली. लोकांनी हात जोडले, माना डोलावल्या. तरीही त्याच गावांतल्या विहिरींवर त्या मुलाच्या नातवंडा-पतवंडांना पाणी भरू दिलं गेलं नाही. इतक्या सुंदर कृतीनं जग का बदललं नाही?

माझं उत्तर असं आहे की, आपण नाथांना थोर ठरवलं आणि स्वतःची सुटका करून घेतली. मुलाला उचलणं हे संताचं काम ठरलं. आपलं काम उरलं ते संताला वंदन करण्याचं. करुणा ही असामान्य माणसाची असामान्य कृती आहे असं एकदा मानलं की सामान्य माणसाला तिच्या वाटेला जायचं कारण राहत नाही. ‘छोट्याशा चांगुलपणानं जग बदलतं’ हे वाक्य शाळेच्या फळ्यावर रोज लिहिलं जातं. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. कृती छोटी असली तरी चालते, मात्र ती एकट्यादुकट्याच्या लहरीवर राहिली तर तिचा परिणाम त्या दिवसापुरताच उरतो. तिला ठरलेली जागा लागते आणि ठरलेली वेळ लागते. घेणाऱ्याला मान खाली न घालता ती मिळावी लागते. थोडक्यात, चांगुलपणाला पत्ता हवा.

छत्रपती संभाजीनगरात असा पत्ता तयार झाल्याचं उदाहरण आहे. डिसेंबर २०१५ मध्ये युसूफ मुकाती यांनी बायजीपुरा भागात ‘रोटी बँक’ सुरू केली. योजना अगदी साधी होती. सभासद झालेल्या घरानं आपल्या स्वयंपाकातल्या दोन ताज्या पोळ्या आणि थोडी भाजी किंवा कालवण आणून जमा करायचं. ज्याला भूक आहे त्यानं येऊन ते घेऊन जायचं. शिळं चालणार नाही, ताजंच हवं, हा नियम होता. कुणी कुणाला देतोय हे देणाऱ्याला कळत नव्हतं आणि घेणाऱ्यालाही कळत नव्हतं.

दोन पोळ्यांनी कुणाची गरिबी हटत नाही हे उघड आहे. पण या योजनेत देणाऱ्यांबाबत काय घडलं तेही पाहायला हवं. ज्या बाईला दारात आलेल्या माणसाला काय द्यावं, किती द्यावं, तो खरंच भुकेला आहे की नाही, हे दर वेळी ठरवावं लागायचं, तिच्या डोक्यावरचं ते ओझं उतरलं. कणीक मळतानाच दोन पोळ्या जास्तीच्या धरायच्या, एवढंच उरलं. उपकाराची भावना गेली आणि सवय आली. रोजच्या स्वयंपाकाइतकं साधं झाल्याशिवाय कोणतंही चांगलं काम टिकत नाही, असं मला वाटतं.

ही रीत या शहराला नवीन नाही. पाणचक्की पाहायला आपण पाहुण्यांना घेऊन जातो, हौद दाखवतो, फोटो काढतो. ती चक्की कशासाठी होती हे मात्र सांगायचं राहून जातं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यावर येणाऱ्या यात्रेकरूंसाठी आणि फकिरांसाठी तिथे पीठ दळलं जाई. कित्येक किलोमीटरवरून, डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांमधून आणलेलं, आणि त्याच्या पडत्या धारेवर जातं फिरायचं. त्याआधी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं इथे नहरींचं जाळं उभारलं होतं. गुलाम म्हणून विकला गेलेला, आफ्रिकेतून दख्खनेत आलेला हा माणूस. त्यानं वसवलेल्या गावाला पाणी मिळावं म्हणून जमिनीच्या पोटातून वाट काढली गेली. पाणचक्कीचं मोल यात आहे की आलेल्या भुकेल्याला मिळणारं पीठ त्या दिवशी कुणाचं मन द्रवलं यावर अवलंबून नव्हतं. पाणी वाहत होतं तोवर जातं फिरत होतं.

माणसाच्या मनावर विसंबणं इतकं बेभरवशाचं का, याचा एक गाजलेला पुरावा आहे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमधला एक प्रयोग प्रसिद्ध केला. धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणारे चाळीस विद्यार्थी त्यांनी निवडले. प्रत्येकाला दुसऱ्या इमारतीत जाऊन एक छोटं भाषण द्यायला सांगितलं. काहींना विषय दिला होता तो बायबलमधल्या परोपकारी शोमरोनी माणसाच्या गोष्टीचा, म्हणजे रस्त्यात पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याचा. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत बसलेला होता. तो प्रयोगाचाच भाग होता. ज्यांना वेळ भरपूर आहे असं सांगितलं होतं त्यांच्यापैकी ६३ टक्के विद्यार्थी थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय, लवकर जा’ असं सांगितलं होतं त्यांच्यापैकी फक्त १० टक्के थांबले. परोपकाराची गोष्ट डोक्यात घेऊन निघाल्यामुळे मदतीच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही. फरक पडला तो घाईमुळे.

हे आकडे निराश करणारे नाहीत. उलट मला त्यांत मोठी आशा दिसते. न थांबलेली मुलं दुष्ट नव्हती, घाईत होती. म्हणजे माणसाचा स्वभाव बदलण्याची वाट पाहत बसायची गरज नाही. त्याच्याभोवतीची परिस्थिती थोडी बदलली की तोच माणूस थांबतो. मग आपला प्रश्नही बदलतो. ‘लोक दयाळू का नाहीत?’ असं हळहळण्याऐवजी ‘लोकांना दयाळू होणं कशामुळे अवघड जातं?’ असं विचारावं लागतं, आणि या दुसऱ्या प्रश्नावर काम करता येतं.

रस्त्यावरच्या अपघाताचंच घ्या. जालना रोडवर किंवा बीड बायपासवर दुचाकी घसरून कुणी पडलं की गर्दी लगेच जमते, पण जखमीला उचलून रिक्षात घालायला पुढे होणारे थोडे असतात. ‘पोलिसांचं लचांड मागे लागेल’, ‘कोर्टात चकरा माराव्या लागतील’, ‘दवाखाना आधी पैसे मागेल’ ही वाक्यं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत, कदाचित उच्चारलीही आहेत. हा निर्दयपणा नाही, ही भीती आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. सद्भावनेनं जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येणार नाही, असं ते सांगतं. कायदा कुणाच्या मनात करुणा घालू शकत नाही, पण करुणेच्या वाटेतला धोंडा बाजूला करू शकतो. हे कलम प्रत्येक रिक्षा स्टँडवर, प्रत्येक पेट्रोल पंपावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेलं असायला हवं. ज्यांना ते ठाऊक असायला हवं त्यांच्यापर्यंतच ते पुरतं पोचलेलं नाही.

कायदा आणि चांगुलपणा एकमेकांना कसे लागतात हे रक्तपेढीत सगळ्यांत स्पष्ट दिसतं. एके काळी आपल्या देशात रक्त विकत मिळायचं. पोटासाठी रक्त विकणारी माणसं होती, आणि त्यांच्यामार्फत आजारही पसरायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. कायद्यानं एक वाईट दार लावलं. पण रुग्णाच्या खाटेशेजारी लटकणारी पिशवी कायदा भरू शकत नाही. ती कुणीतरी अर्धा तास काढून, बाही वर करून भरावी लागते. तांबड्या पेशी जेमतेम सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट पाच दिवस. म्हणून एखाद्या जयंतीला हजार पिशव्या आणि मग तीन महिने कोरडं, हे उपयोगाचं नाही. थॅलेसेमिया असलेल्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, आणि कॉलेजांना सुट्ट्या लागून दाते कमी होतात त्या उन्हाळ्यातही लागतं. संभाजीनगरातली दत्ताजी भाले रक्तपेढी असो की घाटी या सरकारी रुग्णालयातली, तिला मोठ्या मनाच्या दात्यापेक्षा नेमानं येणाऱ्या दात्याची गरज जास्त असते. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. तारीख ठरवून दिलेली ती पिशवी कुणाच्या अंगात गेली हे दात्याला कधीच कळत नाही, आणि तरीही तो पुढच्या तारखेला येतो. चांगुलपणाचं याहून निर्मळ रूप मला माहीत नाही.

इथे मानाचा मुद्दा येतो, आणि आज तो फार महत्त्वाचा झाला आहे. थंडीत फुटपाथवर झोपलेल्या म्हाताऱ्याला ब्लँकेट देताना चौघे जण त्याच्याभोवती उभे राहतात, कॅमेऱ्याकडे पाहतात आणि तो फोटो सगळीकडे फिरतो. ब्लँकेटची ऊब खरी असते, पण त्यासाठी त्या माणसानं आपला चेहरा दिलेला असतो. त्याच्या गावी, त्याच्या लेकीच्या सासरी तो फोटो पोचला तर काय, याचा विचार कुणी केलेला नसतो. अशा देण्यानं जग होतं तसंच राहतं. वरचा वर, खालचा खाली. नांदेडला हजूर साहिबच्या लंगरमध्ये नेमकं उलट घडतं. तिथे सगळे एका पंगतीला बसतात, आणि जेवून उठलेला माणूस भांडी घासायलाही बसू शकतो. देणारा कोण आणि घेणारा कोण ही रेघच पुसली जाते. ज्या मदतीत घेणाऱ्याला उद्या देणारा होण्याची वाट मोकळी असते, तीच मदत माणसांमधलं नातं बदलते.

आता सगळ्यांत गंभीर आक्षेपाकडे येतो. चांगुलपणाचं कौतुक करणं म्हणजे अन्याय करणाऱ्या व्यवस्थेला सूट देणं नव्हे का? रोटी बँक लागते, कारण रोजगार नाही. पाणपोई लागते, कारण नळाला पाणी नाही. हा आक्षेप खोटा नाही, आणि या जिल्ह्यात तर तो विसरताच येणार नाही. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपी गेलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत राबणारी ती मध्य प्रदेशातली माणसं टाळेबंदीत गावी जायला निघाली होती. भुसावळहून गाडी मिळेल या आशेनं ती रुळांवरून चालत होती. नंतर साऱ्या देशानं रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचे फोटो पाहिले. त्यांच्याजवळ पोळ्या होत्या. नव्हतं ते घरी पोचण्याचं साधन. त्या रात्री त्यांना आणखी दोन पोळ्या कुणी दिल्या असत्या, तरी त्यांचा जीव वाचला नसता.

चांगुलपणाची मर्यादा ती हीच. म्हणून छोट्या कृतीनं भूक भागवून थांबता कामा नये. हा माणूस भुकेला का आहे, हा माणूस पायी का चालतोय, हा दुसरा प्रश्नही तिनं विचारायला हवा. माझं म्हणणं असं की तो प्रश्न सगळ्यांत आधी त्यालाच सुचतो जो जवळ गेलेला असतो. ज्यानं रोज पोळी नेऊन दिली त्याला कळतं की रांगेत म्हातारी माणसं वाढली आहेत. ज्यानं तहानलेल्याला पाणी दिलं त्याला वस्तीत टँकर येत नाही हे कळतं. दूर उभं राहून हक्कांची भाषा करणाऱ्याला आकडे माहीत असतात. जवळ गेलेल्याला माणसं माहीत असतात, आणि बदल घडवायला दोन्ही लागतात.

पाण्याचाच इतिहास पाहा. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. एका घरचा एक हौद. कृती म्हणून किती छोटी! पण ती दया नव्हती, ते आव्हान होतं. जातभाईंचा रोष पत्करून केलेली ती गोष्ट होती, आणि ती एका दिवसापुरती नव्हती. हौद त्या दिवसापासून खुला राहिला. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा. महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं कागदावर खुलं केलं. पण कागद पुरला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंसह त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, खटला चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला. १९५० मध्ये विहिरी, तळी, रस्ते यांच्या वापरात कुणालाही जातीवरून रोखता येणार नाही, हे संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदानं मूलभूत हक्कांत लिहिलं.

नाथांनी मूल उचललं आणि फुल्यांनी हौद उघडला, या दोन्ही कृती करुणेच्याच. पण पहिलीला समाजानं गोष्ट करून टाकलं. दुसरी हक्काच्या लढ्याला जाऊन मिळाली. लढा नसता तर फुल्यांचा हौदही एक सुंदर आठवण होऊन राहिला असता. आणि ज्याचा वापर करून दाखवता येईल असा एकही उघडा हौद नसता, तर हक्क कसा दिसतो हे लोकांना दाखवायचं तरी कुठे? हक्क दया मागत नाही, हे बाबासाहेबांनी शिकवलं. त्यांनी संभाजीनगरातच १९५० मध्ये महाविद्यालय उभं केलं, तेच पुढे मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. मराठवाड्यातल्या मुलांना शिष्यवृत्तीचे चार पैसे वाटण्यापेक्षा त्यांनी जिथे ती ताठ मानेनं येऊ शकतील अशी जागा निर्माण केली. पत्ता असलेल्या चांगुलपणाचं हे सर्वांत मोठं रूप.

मग आपण काय करायचं? या शहरापुरतं बोलायचं तर कामं समोरच पडली आहेत. जायकवाडी धरण इतक्या जवळ असूनही या शहरानं वर्षानुवर्षं नळाचं पाणी कित्येक दिवसांच्या अंतरानं पाहिलं आहे. ज्या घरी बोअर आहे त्यानं गल्लीतल्या टाकी नसलेल्या घराला ठरावीक वारी दोन हंडे देणं ही छोटी कृती आहे. त्याच गल्लीनं एकत्र येऊन महापालिकेत पाण्याचं वेळापत्रक मागणं हा तिचा पुढचा भाग आहे. पहिल्यावर थांबलो तर आपण चांगले शेजारी. दुसरंही केलं तर चांगले नागरिक.

घाटीत परभणी-हिंगोलीपासून बीड-जालन्यापर्यंतची माणसं येतात. त्यांना जेवण देणारे हात आहेत आणि त्यांचे आभारच मानायला हवेत. पण तिथे आलेल्या नातेवाइकाची मोठी अडचण असते ती वेगळीच. केसपेपर कुठे काढायचा, कोणत्या खिडकीवर उभं राहायचं, एक्स-रे कुठल्या इमारतीत, कुठल्या योजनेला कोणती कागदपत्रं लागतात, हे त्याला कळत नाही, आणि विचारायला तो घाबरतो. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले कर्मचारी, कॉलेजची मुलं यांनी आठवड्याचा एक ठरलेला दिवस, दोन ठरलेले तास तिथे उभं राहून नुसती वाट दाखवली, तरी एखाद्या बाईचा अख्खा दिवस वाचेल. कधी कधी दिवस वाचणं म्हणजे उपचार वेळेवर मिळणं असतं. आणि याच शहरात एका शाळकरी मुलीनं घरातल्या पुस्तकांपासून मोहल्ल्यात मुलांचं वाचनालय सुरू केलं. ‘रीड अँड लीड फाउंडेशन’च्या मदतीनं अशी तीसेक वाचनालयं वस्त्यांमध्ये उभी राहिली. तिच्याकडे पैसे नव्हते, पद नव्हतं. पुस्तकं होती आणि ती कुठे, केव्हा मिळतील हे वस्तीतल्या मुलांना ठाऊक होतं.

‘माझ्या एवढ्याशा करण्यानं काय होणार?’ हा विचार आपल्याला अडवतो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. अमित कुमार आणि निकोलस एपली या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सहभागींकडून अनोळखी लोकांना गरम चॉकलेटचा पेला देण्यासारख्या साध्या गोष्टी करवून घेतल्या. आपल्या कृतीनं समोरच्याला किती बरं वाटेल याचा देणाऱ्यांचा अंदाज सातत्यानं कमी निघाला. देणारा वस्तूची किंमत मोजत होता, घेणाऱ्याच्या मनात मात्र आपली कुणीतरी दखल घेतली ही गोष्ट मोठी होती.

म्हणून माझं मागणं फार छोटं आहे. या आठवड्यात तुम्हाला जमेल असं एकच काम निवडा. त्याला एक जागा द्या आणि एक वार द्या. ते घेणाऱ्याचा फोटो काढू नका. त्या कामात एक जोडीदार घ्या, म्हणजे तुम्ही आजारी पडलात तरी ते थांबणार नाही. आणि ते करताना जो अन्याय डोळ्यांना दिसेल, त्याबद्दल जिथे बोलायला हवं तिथे बोला. अशी कामं ज्या शहरात पुरेशी झाली, तिथे तापल्या वाळूतलं मूल उचलायला कुणा संताची वाट पाहावी लागणार नाही. ते काम तिथल्या कुठल्याही माणसाचं असेल, आणि त्याबद्दल त्याला कुणी थोरही म्हणणार नाही.